लांब प्रार्थनेच्या माणसाची बायको

आमच्या अकोल्याच्या मंडळीत माझा नवरा लांब प्रार्थनेसाठी प्रसिद्ध होता. तोंडावर मी त्याला आयुष्यभर अहो-जाहो केलं. कागदावर तरी 'तो' म्हणू द्या. नवे पाळकसाहेब बदलून आले की पहिल्या रविवारी त्याला मोठ्या आदराने प्रार्थनेला उभं करत आणि दुसऱ्या रविवारपासून त्याची नजर चुकवत. तो आयटीआयमध्ये मोटर वाइंडिंग शिकवायचा. यंत्रांच्या घरघरीवर ओरडून शिकवायची सवय, त्यामुळे त्याला माइक लागत नसे. त्याची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची. मग सरकार, सैनिक, पाऊसपाणी, दवाखान्यातले, तुरुंगातले, प्रवासातले, परीक्षेला बसलेले, परीक्षेत नापास झालेले असा एकेक मुक्काम घेत ती आमेनकडे निघायची. एका लग्नात जेवणाआधी त्याला आशीर्वाद मागायला सांगितलं, तेव्हा बिर्याणी गार झाली आणि नवरदेवाचा मामा खुर्चीत घोरायला लागला. नवऱ्याने घोरणं ऐकलं आणि थकल्याभागल्यांसाठीही प्रार्थना केली.

घरातही तेच. सबंध संसारात मी मोठ्याने एकदाही प्रार्थना केली नव्हती, कारण जागाच नव्हती. तो डोळे मिटून आफ्रिकेतल्या दुष्काळापर्यंत पोचलेला असायचा आणि मी एक डोळा उघडा ठेवून दूध उतू जातं का ते पाहायची. मनातल्या मनात माझं एकच मागणं असे, की प्रभू, याला जरा आटोपतं घ्यायला सांग.

मी मूळची अमरावतीची. आजोबांच्या आधीपासून आमचं घराणं ख्रिस्ती. विश्वास आमच्या घरात भांड्यांच्या मांडणीसारखा होता. पूर्वजांनी लावून ठेवलेला. आपण फक्त नाताळच्या आधी उतरवायचा, चिंचेने घासायचा आणि परत जागेवर ठेवायचा. लग्न होऊन अकोल्याला आले, हायस्कुलात मराठी शिकवायला लागले, तिथल्या बायकांना 'तुमच्यात काय करतात' या प्रश्नाची उत्तरं देत राहिले. आमच्यात रोज केक खातात अशी त्यांची समजूत होती. ती मी मोडली नाही. वरणभात खातो म्हटलं असतं तर त्यांचा हिरमोड झाला असता.

माझ्या धार्मिक नवऱ्याला एक अधार्मिक सवय होती. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घोटायचा आणि गालात धरायचा. हे गुपित होतं, म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. उपदेश संपून शेवटचं गीत सुरू होईपर्यंतच्या वेळात तो चर्चच्या मागच्या भिंतीकडे 'हवा खायला' जायचा. मी बोलले की म्हणायचा, शास्त्रात खर्‍र्याविरुद्ध एक ओळ दाखव. मी मराठीची मास्तरीण. तंबाखू त्या काळी त्या देशात नव्हती, एवढंच मला सांगता येई.

एका उन्हाळ्यात त्याचा आवाज बसला. कूलरची हवा लागली असेल म्हणून काढा झाला, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मंडळीत त्याची प्रार्थना थोडी आखूड झाली आणि लोकांचे चेहरे उजळले. माझाही उजळला असणार. पावसाळा आला तरी आवाज सुटेना, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरने नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरने आत दुर्बीण घालून पाहिलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की कॅन्सर स्वरयंत्रात आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. गळ्याला खाली एक भोक असेल, त्यातूनच श्वास घ्यायचा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला आत नेण्याआधी आम्हाला थोडा वेळ दिला. मला वाटलं, आता ही शेवटची प्रार्थना होणार आणि मी ती अडवणार नाही, आफ्रिकेपर्यंत जाऊ दे, ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊ दे. त्याने माझा हात धरला, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शेजारच्या बाईले फोन कर. नळ आला असंन तं टाकी भरून घे म्हना." मग ते त्याला घेऊन गेले. त्याच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. टाकी भरली होती.

घरी आलो तेव्हा गळ्याला पांढरा फडका, हातात शाळेतली पाटी-पेन्सिल, आणि दारात मंडळी.

आमच्या लोकांना आजाऱ्याची भेट घेणं फार आवडतं. शास्त्रात सांगितलंय आणि चहाही मिळतो. कोणी शेगावची कचोरी घेऊन आलं. ज्याच्या घशाला टाके आहेत त्याला कचोरी चालणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी ती हळूहळू स्वतःच खाल्ली, वाईट वाटल्यासारखा चेहरा ठेवून. एक गृहस्थ म्हणाले, देवाने यांना मौनाचं दान दिलंय. ते दान तुम्हाला हवंय का, असं त्यांना विचारायचा मोह मला झाला होता. पाळकसाहेब तरुण होते, त्यांनी घाईघाईने प्रार्थना केली आणि माझ्या नवऱ्याशी मोठ्यामोठ्याने, हातवारे करून बोलले. आवाज गेलेल्या माणसाचे कानही गेले असं लोकांना का वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही. मोबाइलवरच्या मंडळीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं इतकी आली, की फोन गरम झाला.

आणि मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या. या बाई कधी रिकाम्या हाताने येत नसत. त्यांच्या पर्समध्ये वचनांची रंगीत कार्डं असत आणि प्रसंग पाहून त्या एक कार्ड काढून देत, डॉक्टर गोळी देतो तशी. मला निळं मिळालं. नवरा आत झोपला होता. बाईंनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुठेतरी काहीतरी अडलं असेल. दोघंही आत तपासून पाहा. देव कारणाशिवाय करत नाही."

मी म्हटलं, कारण खर्रा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. त्या मंद हसल्या. म्हणाल्या, ते वरवरचं झालं.

त्या गेल्यावर मी खरोखर आत तपासून पाहिलं. लहानपणी आईच्या डब्यातले चोरलेले लाडू, सासूबाईंशी धरलेला अबोला, शाळेतल्या एका वात्रट पोराला मारलेली छडी. यातल्या कशाला नवऱ्याचा गळा कापण्याची शिक्षा बसते, ते काही जुळेना. आणि माझी ती मनातली प्रार्थना आठवली, याला आटोपतं घ्यायला सांग. देवाने माझं एवढं एकच मागणं, तेही इतकं नेमकं ऐकावं, या विचारासरशी मी ते निळं कार्ड पालथं घातलं. मग रागच आला. इतक्या वर्षांत पावसासाठी, पगारासाठी, लग्न होऊन लांब गेलेल्या पोरीच्या नोकरीसाठी केलेल्या प्रार्थना कुठे गेल्या, आणि हीच बरी पोचली?

या काळात घरात न बोलावता यायची ती शेजारीण. शेतकरी घरातली, सासर हिवरखेडकडचं. तिकडे काळ्या मातीचं भरपूर वावर, पण मुलांच्या शिक्षणासाठी अकोल्यात घर केलं आणि मुलं परदेशी गेल्यावर इथेच राहिली. दुपारी यायची, खुर्चीवर मांडी घालून बसायची आणि गावातल्या भांडणांच्या गोष्टी माझ्या नवऱ्याला सांगायची, साध्या आवाजात, जणू तो मध्येमध्ये हुंकार देतोय. आमच्या देवाबद्दल तिला आदर होता, पण कौतुक नव्हतं. एकदा मी तिच्यासमोर रडले. म्हटलं, मी विचारते आणि वरून काहीच उत्तर येत नाही.

ती म्हणाली, "तुमचा देव बी आमच्या देवावानीच दिसते वं. इचारलं तं बोलत नाई."

खाटेवरून शिट्टीसारखा आवाज आला. मी घाबरून उठले. नवरा हसत होता. स्वरयंत्र नसलेला माणूस हसतो तेव्हा तोंडातून काही येत नाही, गळ्याच्या भोकातून हवा सूं-सूं करते आणि खांदे हलतात. शेजारणीने एकदा पाहिलं आणि विचारलं, "हासून राह्यले ना थे? मंग बस खाली." आणि पुढची गोष्ट सुरू केली.

हिवाळा सरता सरता अमरावतीहून आईचा फोन आला. तिथल्या एका मैदानावर चंगाईची सभा होती. बाहेरून मोठा प्रचारक येणार होता, ज्याच्या हाताने आंधळे पाहतात आणि लंगडे चालतात असं भिंतींवर लिहिलं होतं. आई जुन्या वळणाची. असल्या सभांना ती तमाशा म्हणायची. पण जावयाच्या बाबतीत तिचं मन हललं होतं. म्हणाली, येऊन तर पाहा, नुकसान काय आहे. मी नाही म्हणणार होते. नवऱ्याने पाटीवर लिहिलं, 'जाऊ.' अक्षर असं दाबून लिहिलं होतं की पेन्सिल मोडली.

बडनेऱ्याला गाडीतून उतरलो, रिक्षाने आईकडे गेलो, तिला घेऊन संध्याकाळी मैदानावर पोचलो. मोठा मांडव, दोन्ही बाजूंना पडदे, रांगेत पंखे, स्टेजवर कीबोर्ड. प्रचारक कोटात होता. अमरावतीच्या त्या हवेत कोट घालून घाम न येणं हा मी त्या संध्याकाळी पाहिलेला पहिला आणि शेवटचा चमत्कार. आम्हाला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. गाणी झाली, उपदेश झाला, मग आजाऱ्यांना वर बोलावलं. माझा नवरा मी हात धरायच्या आत उठून गेला.

वरची पद्धत अशी होती, की प्रचारक कपाळावर हात ठेवून ओरडायचा आणि माणूस मागे पडायचा. मागे दोन स्वयंसेवक झेलायला उभे. माझ्या नवऱ्याच्या कपाळावर हात पडला. तो पडला नाही. आयुष्यभर वर्कशॉपच्या फरशीवर उभं राहिलेले पाय. ते असे कसे उचलले जातील? प्रचारकाने पुन्हा हात ठेवला, यावेळी जरा जोरात. स्वयंसेवक अधीर झाले. नवरा त्याच्याकडे विनयाने पाहत तसाच उभा. तिसऱ्यांदा प्रचारक उघड उघड ढकलत होता, हे मागच्या रांगेतल्या पोरांनाही दिसलं असेल. नवऱ्याने फक्त एक पाय मागे टेकला, जड मोटर उचलताना टेकावा तसा.

शेवटी प्रचारकाने पडण्याचा नाद सोडला आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला. म्हणाला, "बोल. देवाने तुझी जीभ मोकळी केली आहे. हालेलुया बोल."

माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं. ओठ हलले. त्याने खरंच प्रयत्न केला. मी इतकी वर्षं ते ओठ पाहिले आहेत, मला कळतं. माइक गळ्याजवळ होता, त्यामुळे भोकातली हवा सगळ्या मांडवभर सूं-सूं करत गेली. प्रचारकाने हात वर केले. "ऐकलंत? आवाज येतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीबोर्ड चढला.

नवऱ्याने मान हलवली. नाही. त्याने फडका बाजूला करून गळ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मान हलवली. टाळ्या विरळ झाल्या. तेव्हा प्रचारकाने विचारलं, याच्याबरोबर कोण आहे, आणि एका स्वयंसेवकाने आमच्याकडे बोट केलं. प्रचारकाने माझ्यावर नजर रोखली आणि माइकमध्ये शांतपणे म्हणाला, "घरात अविश्वास आहे. म्हणून अडलं आहे."

माझ्या शेजारी आई काठी टेकत उठली. तिचा आवाज अजून खणखणीत होता.

"अविश्वास नाई रे बापू," ती म्हणाली. "नरडं नाई त्याले. नागपूरले कापलं."

तिसऱ्या रांगेतून हे सगळीकडे ऐकू गेलं. कोणीतरी हसलं, कोणीतरी 'श्श' केलं, आणि कीबोर्डवाल्याने एवढ्या जोरात गाणं सुरू केलं की पुढचं काही कळलं नाही. नवरा स्टेजच्या पायऱ्या नीट धरून खाली आला. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, मला गिला वडा खायचा आहे. आम्ही हातगाडीपाशी उभं राहून खाल्ला. नवऱ्याने दह्यात बुडवून, मऊ करून, हळूहळू.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर त्याने पाटीवर लिहिलं, 'तो मला ढकलत होता.' मी हसले. वर पाहिलं तर त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि गळ्यावरचा फडका भिजत होता. समोरच्या बाकावरची माणसं खिडकीबाहेर पाहायला लागली. मग माझ्या लक्षात आलं, तो तिथे तमाशा पाहायला गेला नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं.

त्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं. देवाशी बोलणंही सोडलं. आधीही फारसं बोलत नव्हते, पण आता ठरवून. रविवारी सकाळी तो धुतलेला सदरा घालून एकटा जायचा आणि मी चादरी आपटत बसायची. अकोल्यात त्या वर्षी आमच्याइतक्या स्वच्छ चादरी कुणाच्या नसतील. अध्यक्षबाईंनी ग्रुपवर माझ्यासाठी विशेष प्रार्थना ठेवली, नाव न घेता, पण 'एक शिक्षिका भगिनी' असं म्हणून.

तो मात्र प्रत्येक जेवणाआधी अजून डोळे मिटायचा. आवाज नसल्याने आता किती वेळ चाललंय, कुठल्या खंडात पोचलाय, काही कळायचं नाही. मी आपली घास मोडायला सुरुवात करायची. एके दुपारी त्याने डोळे मिटलेच नाहीत. ताटावर बोट वाजवलं आणि माझ्याकडे बोट केलं. तू कर.

मी म्हटलं, मला येत नाही. त्याने हाताची घडी घातली. मी म्हटलं, मला करायची नाही. तो तसाच बसला. मी माझं जेवून घेतलं, ताट धुतलं, परत आले. त्याच्या खिचडीवर पापुद्रा धरला होता. या माणसाने प्रचारकाच्या तीन धक्क्यांना दाद दिली नव्हती. माझी काय कथा? मी धपकन बसले आणि डोळे उघडे ठेवूनच म्हटलं, "प्रभू, खिचडी गार झाली आहे. हा हट्टी माणूस जेवत नाही. त्याला जेवू दे. आमेन."

त्याने चमचा उचलला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटावर बोट. मग रोजच. माझ्या प्रार्थना म्हणजे तक्रारी असत. नळाला चार दिवस पाणी नाही. कूलरची मोटर जळली आहे आणि ज्याने ती नवी तार गुंडाळून घरीच बांधली असती त्याच्या खांद्याला ऑपरेशनपासून जोर नाही, हे तुझ्या लक्षात आहे का? भाजी खारट झाली, त्यात तुझा दोष नाही, पण ऐकून घे. असल्या भाषेत देवाशी बोललेलं आमच्या मंडळीत कुणी ऐकलं नसतं. तिथे देवाशी बोलताना सगळे पुण्याच्या भाषेत शिरतात. मी जेवणाच्या टेबलाची भाषा वापरत राहिले, कारण ते टेबलच होतं. आणि हळूहळू मला एक विचित्र गोष्ट जाणवायला लागली, की मी वाट पाहतेय. शाळेत तास घेताना मनात यायचं, हे दुपारी सांगायचं.

एकदा सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "त्या दिवशी अमरावतीत याला स्टेजवर उभं केलं तेव्हा तू कुठे होतास? हे मला सांगितल्याशिवाय मी आमेन म्हणणार नाही." आणि नाहीच म्हटलं. नवऱ्याने पाटी ओढली आणि लिहिलं, 'तिसऱ्या रांगेत.'

मी म्हटलं, तिसऱ्या रांगेत मी होते आणि आई होती. त्याने पाटी पुसली आणि जेवायला लागला.

मी चर्चला परत गेले ते काही पश्चात्ताप होऊन नाही. तो एकटा गेला की लोक त्याच्या कानाशी ओरडत, हे मला समजलं, म्हणून त्यांना आवरायला गेले. अध्यक्षबाईंनी मला मिठी मारली आणि गुलाबी कार्ड दिलं. हरवलेल्या मेंढरासाठी गुलाबी असतं बहुतेक.

त्यानंतर वर्षभराने त्याच अध्यक्षबाईंची मुलगी घरी परत आली. तिचं लग्न मोठ्या थाटात झालं होतं, धामणगाव रेल्वे या गावच्या चांगल्या घरात. जावई देवभीरू असल्याचं बाई प्रत्येक सभेत सांगत. मुलगी एक बॅग घेऊन आली आणि परत गेली नाही. तो देवभीरू हात उचलत होता. ग्रुपवर जोडलेले हात आले. बायका उपासनेनंतर कोपऱ्यात कुजबुजायला लागल्या, आणि बाई पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसून शेवटच्या गीताआधी निघून जायला लागल्या.

मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. माझ्याजवळ त्यांचंच वाक्य तयार होतं: कुठेतरी काहीतरी अडलं असेल, आत तपासून पाहा. मी ते आठवडाभर मनात घासूनपुसून लखलखीत केलं, विरामचिन्हांसकट. कुठल्या शब्दावर थांबायचं तेही ठरवलं. मग झुणका-भाकरीचा डबा भरला आणि निघाले. नवऱ्याने माझा चेहरा पाहिला, पाटीवर लिहिलं, 'डबा दे आणि ये.' मी म्हटलं, बघू.

दार बाईंनीच उघडलं. केस विंचरलेले नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना पर्सशिवाय पहिल्यांदा पाहत होते. मला आत घेतलं, बसल्या, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मी रोज तपासते आहे. मला काही सापडत नाही हो."

माझं वाक्य जिभेवर होतं. इतकं सुंदर वाक्य, आणि ते वापरायची जागाच त्यांनी काढून घेतली. मी विचारलं, साखर कुठे ठेवता? आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. मुलगी आतून आली, कपाळावर जुना वण. तिने डबा उघडला आणि उभ्याउभ्याच खायला लागली. बाईंनी मला प्रार्थना करायला सांगितली. मला एकच प्रकार येत होता. मी म्हटलं, प्रभू, ही पोरगी घरी आली, बरं केलं. तिला भूक लागली आहे, तेही बरं. जे तिच्याबद्दल कुजबुजतात त्यांना काही दिवस घसा बसण्याचा त्रास होऊ दे, जास्त नको. आमेन.

बाई हसल्या की रडल्या, सांगता येत नाही; नाक पुसलं एवढं खरं. माझं ते वाक्य मी गिळलं. पचलं असं नाही म्हणणार. अजून कधी कधी वर येतं.

आता नवऱ्याकडे एक यंत्र आहे. गळ्याला टेकवून बटण दाबलं की दाढीच्या मशीनसारखा घर्र आवाज येतो आणि त्यातून शब्द निघतात. रविवारच्या शाळेतली पोरं त्याच्या मागे लागतात, आजोबा आमचं नाव म्हणा. परवाच्या वार्षिक सभेला नव्या पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितली. आमच्यात साक्ष म्हणजे आधी संकट, मग प्रार्थना, मग नोकरी नाहीतर बढती. त्यांनी प्रेमाने सुचवलं, शेवट जरा विजयाचा करा. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा नवरा पूर्वीसारखा झालेला नाही. मीही चांगली बाई झालेले नाही. का झालं ते देवाने सांगितलेलं नाही आणि मी विचारणं सोडलेलं नाही. आम्ही रोज जेवायच्या आधी त्याच्याशी बोलतो, आणि तो ऐकतो असं मला आता वाटतं. आधी वाटत नव्हतं. बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना.

बाहेर चपला घालताना एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. त्यांच्या बायकोचा रिपोर्ट आला होता, तोंडाचा कॅन्सर. ती कुणाशी बोलत नव्हती. येता का घरी, असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही स्कूटरवर गेलो. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी नमस्कार केला, तिने वळून पाहिलं नाही. नवऱ्याने तिच्या आणि भिंतीच्या मध्ये स्टूल ओढलं, बसला आणि गळ्यावरचा फडका सोडून मांडीवर ठेवला. ती त्या भोकाकडे वाकून पाहू लागली.

"दुखते काय?" तिने विचारलं.

त्याने यंत्र गळ्याला टेकवलं. "आता नाई," ते घर्र म्हणालं.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आपल्या म्हाताऱ्याला म्हणाली, यांच्यासाठी पोहे टाका, कांदा बारीक चिरजा. आम्ही पोहे होईपर्यंत बसलो.